दुसरीतल्या पोरांना आठवडाभर शाळेत नेमकं काय शिकवतात? आणि २८ चं ८२ काहून होतं?

मनीषनगरची_आई

नमस्कार सगळ्यांना. माझा मुलगा यंदा दुसरीत आहे, मराठी माध्यम, आम्ही दोघांनी ठरवून मराठीतच टाकला. दर सोमवारी मॅडम ग्रुपवर आठवड्याचं नियोजन टाकतात. मागच्या आठवड्यात होतं, मराठी - कविता आणि जोडाक्षरं, गणित - २१ ते ५० वाचन लेखन, इंग्रजी - रंगांची नावं, कला - कागदकाम. बस, एवढंच. आणि घरी आल्यावर मी रोज विचारते आज काय शिकवलं रे, तर रोज एकच उत्तर, काही नाही. मी ऑफिसमधून साडेसहाला येते, त्याचा डबा, दप्तर, जेवण यात आठ वाजतात, मग वही उघडून बसले की तो झोपेला आलेला असतो.

मुख्य गोष्ट सांगते ज्यामुळे लिहायला बसली. शुक्रवारी त्याच्या वहीत दहा अंक बोलून लिहायला दिले होते त्यातले सहा चूक. अठ्ठावीस ला ८२, त्रेचाळीस ला ३४, सदतीस ला ७३. पण बावीस, तेहेतीस, चाळीस बरोबर. खाली लाल पेनाने शेरा, सराव घ्यावा. मी जरा रागावलेच, म्हटलं अरे आठवडाभर हेच चालू होतं ना. तर तो रडवेला होऊन म्हणे, आई अठ्ठा आधी म्हणतात ना, म्हणून मी आठ आधी लिहिला. मी एकदम गप्प झाली. पोरगं जसं ऐकलं तसंच लिहून राहिलं होतं आणि मी त्याच्यावर ओरडत होती.

तर दोन प्रश्न. एक, आठवडाभरात या वयाची पोरं नेमकं काय शिकतात आणि ते घरी कसं कळावं? दोन, या उलट्या अंकांचं काय करू? ट्यूशन लावायची नाहीये. कोणी शिक्षक असतील तर प्लीज सांगा.

बाबा_दोन_पोरींचा

ताई अगदी हेच आमच्याकडे मोठीचं झालं होतं, तिसरीत गेल्यावर आपोआप बरं झालं, टेन्शन नका घेऊ. पण एक सांगतो, धाकटी दुसरीतच आहे आणि तिला रोज दोन-दोन पानं होमवर्क येतो. केंद्राचं २०२० चं दप्तर धोरण आहे त्यात स्पष्ट लिहिलं आहे की दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. आठवड्याला, दिवसाला नाही! दप्तराचं वजनही पोराच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर नको. पालकसभेत मी हे विचारलं तर म्हणाले बाकी पालकच होमवर्क मागतात. आता काय बोलावं. तुम्ही निदान सराव म्हणून पानंच्या पानं लिहून घेऊ नका एवढंच.

झेडपीवाल्या_मॅडम

ताई मी काटोल रोडकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत आहे, द्विशिक्षकी शाळा, माझ्याकडे पहिली-दुसरी एकत्र बसते. तुमचं वाचलं आणि राहवलं नाही, थोडं लांब होईल, सांभाळून घ्या.

आधी नियोजनाचं. ते नियोजन माझं असतं, पोराचं नसतं. त्यात २१ ते ५० लिहिलं म्हणजे मी त्या आठवड्यात त्यावर काम करणार, पोराला ते शनिवारपर्यंत आलंच असा त्याचा अर्थ नाही. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास आहेत, म्हणजे दिवसाला चार तास धरा. त्यात प्रार्थना, हजेरी, पोषण आहार, आणि आपल्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून उघडते, तोपर्यंत पोरं पहिलीचं अर्धं विसरून आलेली असतात. त्यामुळे दुसरीचे पहिले दोन-तीन आठवडे मी नवीन काही घेतच नाही.

माझा एक आठवडा सांगते. सोमवारी पहिला तास फक्त बोलायचा. काल कुठे गेलास, काय खाल्लं, कोण पाहुणे आले. वरून टाइमपास वाटतो पण ज्या पोराला चार वाक्यं सलग बोलता येतात त्यालाच पुढे चार वाक्यं लिहिता येतात, हे मी अकरा वर्षांत पाहिलं आहे. मग पुस्तकातली एक गोष्ट किंवा कविता, तीच आठवडाभर चालते. सोमवारी मी वाचते, मंगळवारी सगळे मिळून, बुधवारी जोडीने, गुरुवारी त्यातलीच जोडाक्षरं शोधायची. पोरं घरी जाऊन म्हणतात काही नाही शिकवलं कारण त्यांना वाटतं कालचंच तर होतं. गणिताला रोज काड्या. शनिवार आता आनंददायी शनिवार असतो, २०२४ पासून, त्यात गाणी, मातीकाम, बिया लावणं. पोळ्याच्या आधी आम्ही मातीचे बैल केले आणि तान्ह्या पोळ्यासारखी, म्हणजे पोरांच्या बैलांच्या पोळ्यासारखी, रांग लावली. एका बैलाचे पाय किती, चार, दोन बैलांचे आठ, तीन बैलांचे बारा, मी फळ्यावर चारचा पाढा लिहिलाच नव्हता आणि पहिलीतली पोट्टीसुद्धा तो म्हणून राहिली होती. नियोजनात त्या दिवशी फक्त मातीकाम लिहिलं होतं.

आता २८ आणि ८२. तुमच्या मुलाचं डोकं एकदम बरोबर चालून राहिलं आहे. आपण मराठीत सुटे आधी बोलतो आणि दशक मागून. अठ्ठावीस म्हणजे आठ आणि वीस. लिहिताना मात्र दशक आधी. बावीस, तेहेतीस मध्ये दोन्ही अंक सारखे म्हणून चूक दिसत नाही, चाळीस ला सुटे नाहीतच, म्हणून तेवढे बरोबर आले. जर्मन भाषेतही सुटे आधीच बोलतात, त्यांच्याही पोरांचं असंच होतं. शिवाय आपल्या नागपुरात पोरगं रस्त्यावर हिंदी ऐकतं, टीव्हीवर इंग्रजी, घरी मराठी. इंग्रजीत वीस आधी आणि आठ नंतर, मराठी-हिंदीत उलटं, मग त्या जिवाने काय करावं?

घरी एवढंच करा. आइस्क्रीमच्या किंवा आगपेटीच्या पन्नास काड्या घ्या, दहा-दहाचे गठ्ठे रबरने बांधा. तुम्ही म्हणा अठ्ठावीस. त्याने आधी गठ्ठे काढायचे, दोन गठ्ठे, मग आठ सुट्या, आणि तोंडाने म्हणायचं वीस आणि आठ, अठ्ठावीस. लिहायचं सगळ्यात शेवटी. रोज तीन अंक बस, दहा नकोत. आणि लाल पेन नको, निदान घरी तरी.

निपुण भारत, म्हणजे लहान पोरांच्या वाचन-गणिताच्या केंद्राच्या अभियानाचं, उद्दिष्ट बघाल तर दुसरीच्या शेवटी ९९९ पर्यंत संख्या वाचता-लिहिता याव्या आणि मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचता यावे, असं आहे. वर्षाच्या शेवटी, ताई. तुमच्याकडे भरपूर आठवडे आहेत.

महालातले_गुरुजी

मॅडमनी छान लिहिलं. मी नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेत प्राथमिकला आयुष्य काढलं, आता सेवानिवृत्त आहे. एक आठवण सांगतो. २०१९ साली बालभारतीचं दुसरीचं गणिताचं नवीन पुस्तक आलं तेव्हा यावरूनच केवढा गदारोळ झाला होता. त्यात एकवीस च्या सोबत वीस एक, त्र्याण्णव सोबत नव्वद तीन असं दिलं होतं. विधानसभेपर्यंत गेलं प्रकरण. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर होत्या, त्यांचं म्हणणं होतं की जोडाक्षरांनी भरलेली ही नावं लहान मुलांना जड जातात आणि बोलण्याचा क्रम लिहिण्याच्या उलट आहे, मुलं गणितालाच घाबरतात. जुनी नावं काढली नव्हती, दोन्ही होती. पण लोकांनी पुस्तक न बघताच ओरड केली, मराठी बुडाली वगैरे.

मी तेव्हा विरोधात होतो, स्पष्ट सांगतो. आमच्या पिढीने पाढे, पावकी, निमकी (पाव-अर्ध्याचे पाढे) सगळं तोंडपाठ केलं, आम्हाला कुठे अडलं. आजही मला वाटतं की त्रेसष्ट, सत्त्याहत्तर हे शब्द पोरांच्या कानावरून गेले पाहिजेत, नाहीतर बाजारात आजीने त्रेसष्ट रुपये म्हटलं तर नातू तोंडाकडे बघत राहील. पण नातीला शिकवायला बसलो तेव्हा समजलं की तोंडपाठ असणं वेगळं आणि कळणं वेगळं. ती एक ते शंभर घडाघडा म्हणायची, आणि मधलाच छपन्न लिही म्हटलं की एकावन्नपासून बोटावर मोजत यायची. म्हणजे तिच्यासाठी ते गाणं होतं, संख्या नव्हत्या. मी इतकी वर्षं वर्गात जे घडाघडा ऐकलं त्यातलं किती गाणं होतं हे आता राहून राहून मनात येतं.

झेडपीवाल्या_मॅडम

गुरुजी, नमस्कार. नावं तर शिकवायचीच, मी पण शिकवते. फक्त आधी काड्यांचे गठ्ठे हातात, वीस आणि आठ हे तोंडात, आणि मग अठ्ठावीस. तुमच्या नातीचं जसं झालं ना, माझ्या वर्गात दरवर्षी चार-पाच जण तसे असतात, आणि तेच सगळ्यांत हुशार म्हणून पुढे बसवलेले असतात.

फल्लीदाणे

गणितावरच बोलून राहिले सगळे, पण मराठीचंही बघा ना. माझा भाचा तिसरीत. परिसर अभ्यासाच्या वहीत भाज्यांची नावं लिहायची होती, त्याने सांबार लिहिलं, भेद्रं लिहिलं. दोन्हीवर फुली. वर लिहिलं कोथिंबीर, टोमॅटो. आता आमच्या घरी आजीपासून सगळे सांबारच म्हणतात, सांबारवडी म्हणतात, भाजीवाला सांबार फुकट घालतो. पोराने जे रोज जेवतो तेच लिहिलं ना. परिसर म्हणजे त्याचा परिसर की पुण्याचा? मी नाही म्हणत की कोथिंबीर शिकवू नका, दोन्ही लिहू द्या, बाजूला लिहा की याला कोथिंबीर पण म्हणतात. त्या दिवसापासून तो लिहायच्या आधी विचारतो, मामा हा शब्द पुस्तकातला आहे का. मला हे फार लागलं.

झेडपीवाल्या_मॅडम

फुली मारायला नको होती. माझ्या वर्गात भिंतीवर एक मोठा कागद आहे, डावीकडे घरचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला. पोरं स्वतः भरतात. सध्या ४१ जोड्या झाल्या. भाच्याच्या मॅडमना चांगल्या शब्दांत सांगून बघा, बरेचदा फक्त लक्षात आलेलं नसतं.

मनीषनगरची_आई

तीन आठवड्यांनी येऊन राहिली आहे, आधी सगळ्यांचे मनापासून आभार.

काड्या आणल्या. पहिले दोन दिवस त्याने नुसत्या तलवारी केल्या. मग मी फल्लीच्या (भुईमुगाच्या) शेंगा घेतल्या, दहा-दहाच्या वाट्या केल्या, बरोबर काढल्या तर सुट्या शेंगा त्याच्या. तर तो स्वतःच म्हणे मला एकोणतीस सांग, जास्त सुट्या मिळतात म्हणून! जेवणाच्या आधी पाच मिनिटं, रोज तीन अंक. गेल्या शुक्रवारी वहीत दहापैकी आठ बरोबर आले. आणि अठ्ठावीस लिहिताना मी बघत होती, आधी ओठ हलले, वीस आणि आठ, मग २ लिहिला.

आणि आज काय शिकवलं हे विचारणं मी बंद केलं. आता विचारते आज डब्याच्या वेळी कोण कोणाजवळ बसलं होतं. तिथून सुरू झालं की अर्धा तास थांबत नाही, त्यातच कविता येते, मॅडमनी वाचलेली गोष्ट येते, कोणाची पट्टी हरवली ते येतं. काल तर त्याने मला जोडाक्षर शिकवलं, म्हणे आई तू ज्या मनीषनगरच्या रस्त्यावरून येते त्या रस्त्यात स्त आहे, अर्धा स आणि पूर्ण त.

एक लोचा मात्र मी पण पाहिला, मॅडम. लिफ्टमधला आणि फोनमधला नऊ तो मराठीतला १ समजतो, दोन्ही दिसतात सारखेच. ते त्याला दाखवलं, समजलं. पण आता नवीन सुरू झालं आहे. एकोणपन्नास ला ५९ लिहितो. पन्नास ऐकू येतं म्हणून ५ आणि एकोण म्हणजे नऊ असं त्याने स्वतःच ठरवलं आहे. एकोणचाळीस ला पण ४९. याचं काय करू?

झेडपीवाल्या_मॅडम

किती छान ताई, आठ बरोबर! एकोणचं सगळ्यांचं होतं, एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत आठ अंक आहेत असे, फक्त नव्व्याण्णव त्यातून सुटला आहे. एकोण म्हणजे एक कमी, हे शब्दाने सांगू नका. पन्नास शेंगांच्या पाच वाट्या समोर ठेवा, पन्नास म्हणायला लावा, आणि मग त्याच्या डोळ्यांदेखत शेवटच्या वाटीतली एक शेंग तुम्ही खाऊन टाका. मग मोजायला सांगा.