जुनी डीडीआर४ रॅम ठेवून फक्त बोर्ड-प्रोसेसर बदलू की सगळंच नवीन घेऊ?

तापीकाठ

नमस्कार मंडळी, जळगावहून लिहितोय. घरचा पीसी आय३-१०१०० आणि एच४१० बोर्डवर आहे, रॅम १६ जीबी म्हणजे ८-८ च्या दोन स्टिक, डीडीआर४ ३२०० सीएल१६ (३२०० हा स्पीड, सीएल म्हणजे रॅम उत्तर द्यायला किती ठोके घेते ते). मध्यंतरी आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड घेतलं, वाटलं आता सगळं सुरळीत चालेल, पण व्हॅलोरंटमध्ये एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) सारखे खालीवर होतात आणि फोर्झा चालू असताना मागे डिस्कॉर्ड नि क्रोम ठेवलं की मधेच अडकतं. मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्झ. धाकट्या भावाची बारावी झाली की तो पण ह्याच पीसीवर ब्लेंडर (थ्रीडीचं सॉफ्टवेअर) शिकणार आहे.

बोर्ड, प्रोसेसर आणि लागलीच तर रॅम, सगळं मिळून ३० हजारांच्या आत बसवायचंय. दुकानातून दोन कोटेशन मिळाली. एक रायझन ५ ५५०० आणि ए५२० बोर्ड, रॅम माझीच. दुसरं रायझन ५ ७६००, बी६५० बोर्ड आणि डीडीआर५ ची १६ जीबीची एकच स्टिक, ते बजेटच्या बरंच वर जातंय. दुकानदार म्हणतो डीडीआर४ चे दिवस संपले, त्यात पैसे घालू नका. घरी एकदाच पैसे मागता येतील त्यामुळे नीट विचारून घेतोय.

रात्रपाळी_पुणे

मित्रा, दोन्हीपैकी एकही घेऊ नकोस. पहिलं कोटेशन वरवर स्वस्त दिसतंय पण तुझ्या कार्डासाठी ते चुकीचं आहे, का ते सांगतो. ४०६० ला स्लॉट पूर्ण लांबीचा लागत असला तरी ते आतून आठच लेन वापरतं, पीसीआयई (कार्ड आणि प्रोसेसरमधला डेटाचा रस्ता) ४.० च्या आठ. बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही ४.० वाले असतील तर त्या आठ लेन पुरतात. पण रायझन ५५०० मध्ये पीसीआयई ३.० च आहे आणि ए५२० पण ३.० च, म्हणजे कार्डाचा रस्ता निम्म्यावर आला. एरवी फार जाणवणार नाही, पण ४०६० वर मेमरी ८ जीबी, ती नवीन गेममध्ये टेक्स्चर हाय ठेवलं की भरते, मग कार्ड सिस्टीमच्या रॅमकडे धावतं आणि नेमका तिथेच अरुंद रस्ता आडवा येतो. आत्ताच्या एच४१० वर पण हेच होतंय, ते सुद्धा ३.० च आहे. शिवाय ५५०० ला एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) १६ एमबी, साध्या ५६०० ला ३२ एमबी. नावात शंभरचाच फरक दिसतो पण चिप वेगळी आहे, गेममध्ये ५६०० सरळ पुढे असतो.

आता रॅमचं. तुझी ३२०० ची रॅम आत्ता ३२०० वर चालतच नाहीये. एच४१० आणि आय३-१०१०० ची मर्यादा २६६६ आहे, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स मग मेमरी उघडून बघ, स्पीड २६६७ दाखवेल. म्हणजे ३२०० चे पैसे तू आधीच भरलेयस, बी५५० बोर्डवर गेलास की ते वसूल होतील.

माझं मत सरळ आहे, रॅम आहे तीच ठेव, रायझन ५ ५६०० घे आणि बोर्ड बी५५० चा, चार रॅम स्लॉटवालाच, दोनवाला नको. उद्या ८-८ च्या अजून दोन स्टिक टाकल्या की ३२ जीबी होतील, ब्लेंडरला ते लागणारच आहेत.

सह्याद्री_बिल्ड्स

मी थोडा वेगळा विचार मांडतो. ५६०० ज्यावर बसतो ते एएम४ हे २०१६ चं सॉकेट आहे, त्यात पुढे काही येणार नाही. एएम५ ला, म्हणजे ७६०० च्या सॉकेटला, एएमडीने २०२७ पर्यंत आणि पुढेही सपोर्ट देऊ असं जाहीर केलंय. आज ७६०० घेतला तर तीन-चार वर्षांनी त्याच बोर्डवर चांगला एक्स३डी (जास्त कॅशवाला) प्रोसेसर बसवता येईल, बोर्ड रॅम काहीच बदलावं लागणार नाही. घरी एकदाच मागता येणार असेल तर मी उलट म्हणेन सहा महिने थांब, थोडे जमव आणि एएम५ वर जा. आज ५६०० घेतलास तर पुढच्या वेळी परत बोर्ड, प्रोसेसर, रॅम तिन्ही.

रात्रपाळी_पुणे

दादा, दोन वर्षांपूर्वी मी पण हेच सांगत होतो, त्यावेळी डीडीआर५ परवडत होती. २०२५ च्या दिवाळीच्या आसपासपासून रॅमचे भाव जे चढलेत ते दुप्पट-तिप्पट झालेत. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, खरं तर ह्या तिघांच्याच कारखान्यांतून जगातली बहुतेक मेमरी निघते आणि तिघेही एआयच्या डेटा सेंटरला लागणाऱ्या मेमरीकडे वळलेत. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशियलचा किरकोळ विक्रीचा धंदाच बंद करत असल्याचं सांगून टाकलं. सहा महिने थांबून भाव उतरतील ह्यावर घरच्यांचे पैसे लावायला मी कुणाला सांगणार नाही. डीडीआर४ पण महागलीय, म्हणून तर त्याच्याकडे असलेल्या १६ जीबीची किंमत वाढलीय.

आणि बजेटमध्ये बसवायला दुकानदार एकच स्टिक देतोय ते बघा ना. एका स्टिकवर एकच चॅनल चालतो, बँडविड्थ अर्धी. बरं, ८-८ च्या दोन घेतल्या तर डीडीआर५ च्या ८ जीबी स्टिकवर चारच चिप असतात आणि त्या प्रकारच्या चिपमध्ये बँक ग्रुप (आतले मेमरीचे गट) निम्मे, म्हणजे त्याही १६ च्या स्टिकपेक्षा हळू. डीडीआर५ नीट घ्यायची तर १६-१६ चा सेट, ६००० सीएल३०, आणि तो आज ह्याच्या बजेटचा मोठा लचका तोडेल.

स्पीडचे मोठे आकडे बघून पण हुरळून जाऊ नये. सीएलला २००० ने गुणायचं आणि रॅमच्या स्पीडने भागायचं, नॅनोसेकंद मिळतात. ३२०० सीएल१६ चे १०, ६००० सीएल३० चे पण १०, आणि स्वस्तातली ४८०० सीएल४० घेतली तर १६ च्या वर. बँडविड्थ डीडीआर५ ची जास्तच, त्यात वाद नाही, पण त्याची जुनी रॅम टाकाऊ अजिबात नाही.

ग्रँटरोडची_ताई

मुंबईत लॅमिंग्टन रोडला सामान घेणाऱ्यांनी एक तिसरा पर्याय पण विचारून बघावा, आय५-१२४००एफ आणि बी७६० चा डीडीआर४ बोर्ड. सहा कोअर, बारा थ्रेड, पीसीआयई ४.० ची काळजी नाही आणि रॅम तुझीच चालते. पुढे १३ व्या-१४ व्या जनरेशनचा आय५ त्याच बोर्डवर बसतो. फक्त बिल करताना बोर्डाच्या नावात डीडीआर४ लिहिलंय का ते डोळ्यांनी वाच, कारण बी७६० दोन्ही प्रकारात येतो आणि डीडीआर५ च्या स्लॉटची खाच वेगळ्या जागी असते, तुझी स्टिक त्यात बसणारच नाही. ५६०० आणि १२४००एफ मध्ये गेमिंगला उन्नीस-बीस आहे, त्या दिवशी बोर्डासकट जे स्वस्त पडेल ते घे.

सेकंडहँड बोर्ड बघत असशील तर इंटेलच्या बोर्डात पिना सॉकेटमध्ये असतात, मोबाइलचा टॉर्च तिरका धरून एकेक ओळ बघायची, एक जरी वाकलेली असली तर सोडून द्यायचा. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, तिथे प्रोसेसर उलटा करून बघ. आणि जळगावला मे महिन्यात ४५ पर्यंत पारा जातो, तर व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) हीटसिंक असलेलाच बोर्ड घे रे बाबा. ५६०० ६५ वॅटचाच आहे, तो कशावरही चालेल, पण उद्या आठ कोअरचा टाकशील तेव्हा बिनहीटसिंकचा बोर्ड उन्हाळ्यात त्रास देतो. लाइटवाल्या रॅमच्या आणि बोर्डाच्या नादी लागू नकोस, ते पैसे इथे लाव.

तापीकाठ

खूप आभार सगळ्यांचे, ताई तुमचे पण. टास्क मॅनेजर उघडून बघितलं, खरंच २६६७ दाखवतोय! आजपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. दुकानात फोन केला, ५६०० आणि चार स्लॉटचा हीटसिंकवाला बी५५० मिळून २२ हजारांत देतो म्हणाला, १२४००एफ चा बोर्ड त्याच्याकडे डीडीआर५ वालाच आहे. तर बी५५० ठरवतोय. उरलेल्यात लगेच अजून ८-८ घेऊ का नंतर? आणि बसवताना काय सांभाळू, बोर्ड मी स्वतःच बसवणार आहे.

रात्रपाळी_पुणे

गेमसाठी आत्ता १६ चालेल, भाऊ ब्लेंडर सुरू करेल तेव्हा घे, पण भाव अजून चढतायत असं दिसलं तर वाट बघू नको. घेताना तुझ्यासारख्याच ३२०० सीएल१६ च्या बघ, शक्यतो त्याच कंपनीच्या. ५६०० वर चार स्टिक ३२०० ला सहसा आरामात चालतात.

बोर्ड घेताना मागच्या बाजूला बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) फ्लॅशबॅकचं बटण आहे का बघ. बी५५० २०२० चा आणि ५६०० २०२२ चा, जुना स्टॉक निघाला तर बायोस त्याला ओळखणार नाही, बटण असेल तर पेनड्राइव्हवरून प्रोसेसर न लावताच अपडेट करता येतो. नसेल तर दुकानातच अपडेट करून मागायचा. व्हॅलोरंटसाठी पण नवीन बायोसच हवा, विंडोज ११ वर ते टीपीएम आणि सिक्युअर बूट ह्या सुरक्षेच्या सोयी चालू मागतं, आणि एएमडीच्या जुन्या बायोसवर टीपीएम चालू केलं की गेम मधूनमधून अडकायचा, ते २०२२ मध्ये दुरुस्त झालं.

रॅम प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, शेजारी-शेजारी नको. मग बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या छापील स्पीडला चालवणारं सेटिंग) चालू कर, काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात, नाहीतर रॅम नव्या बोर्डवर पण कमी स्पीडलाच चालू होईल. विंडोज उघडलं की टास्क मॅनेजरमध्ये ३२०० दिसतंय का ते बघ आणि इथे कळव.