मदत हवी आहे: परभणीच्या उन्हात ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक (ठरल्यापेक्षा जास्त वेगावर) ठेवावं का?
मंडळी, आरटीएक्स 3060 आहे माझ्याकडं, आफ्टरबर्नरमधे (कार्डचा वेग बदलायचं सॉफ्टवेअर) कोअर म्हंजे मुख्य चिप +100 अन् मेमरी +500 मेगाहर्ट्झ टाकलंय, व्होल्टेजला हात लावला नाही, पावर लिमिट तेवढी फुल. सकाळी झकास चालायलंय पण दुपारी खोलीच भट्टी, पाण्याचा कूलर लावावा तर हवा दमट, मग कार्डचं टेंपरेचर 83 डिग्रीला टेकलं की क्लॉक म्हंजे वेग आपोआप खाली यायलंय अन् स्क्रीनवर ठिपके चमकायलेत. ठिपके म्हंजे मेमरीच जास्त ताणली असणार असं मला वाटतंय, तर ती 50-50 नं उतरवू का आधी कोअर कमी करू? का सरळ अंडरव्होल्ट म्हंजे व्होल्टेज कमी करणंच बरं, 900 मिलीव्होल्टला 1800 मेगाहर्ट्झच्या आसपास कुणी चालवतंय का? फ्रेम किती घटतेत? अन् इकडं उन्हाळ्यात गेमिंग करणाऱ्यांनीच सांगा बरं, एसीवाल्यांचं नको.