मैत्रिणीचा फोन वाजला की पोटात गोळा येतो, मी स्वार्थी झालेय का?

रातकिडा:
एरवी मी इथे वाचनमात्र असते, पण घरी सांगितलं तर "मग नको उचलूस" एवढंच ऐकायला मिळतं म्हणून इथे लिहितेय. माझी एक कॉलेजपासूनची मैत्रीण आहे, मागच्या वर्षी तिचं लग्न मोडलं आणि तेव्हापासून ती रोज रात्री दहाच्या सुमारास फोन करते, तास सव्वा तास, आणि विषय तोच, तो तेव्हा काय म्हणाला, मी काय म्हणायला हवं होतं, त्याची आई मध्ये कशी पडली. पहिले तीन-चार महिने मी अगदी मनापासून ऐकलं, रडले पण तिच्यासोबत. आता फोन थरथरला की पोटात गोळा येतो. परवा तर मी फोन उशीखाली सरकवला आणि त्याची घरघर थांबेपर्यंत श्वास रोखून बसले, जशी काही ती दाराबाहेरच उभी आहे. सकाळी मेसेज टाकला, 'अगं झोप लागली होती'. साफ खोटं. ऑफिसात सगळे म्हणतात तुझ्याशी बोललं की हलकं वाटतं, आणि ते ऐकायला मला आवडतं हेही कबूल करते, त्यामुळे अजूनच चोरट्यासारखं वाटतंय. तिला तोडायचं नाहीये. पण हे बोलू कसं?

उगाच_एक:
+१. माझा फोन दोन वर्षं सायलेंटवर आहे, कारण हेच. उपाय सापडला की मलाही सांगा.

वॉर्ड_नंबर_नऊ:
स्वार्थी वगैरे काही नाही गं. मी बारा वर्षं नर्सिंगमध्ये आहे, आमच्याकडे याला कम्पॅशन फटीग म्हणतात, १९९२ साली नर्सिंगच्या एका मासिकात लेख आला होता त्यानंतर हा शब्द रुळला. माया आटली असं नसतं ते, माणूस थकलेला असतो. मला स्वतःला उपयोगी पडलेली गोष्ट सांगते, तानिया सिंगर म्हणून मेंदूवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञ आहेत, त्यांच्या टीमने काही जणींना आधी दुसऱ्याचं दुःख जसंच्या तसं आपल्यात ओढून घ्यायचा सराव करायला लावला, तर दुःखाचे व्हिडिओ बघून त्यांची स्वतःचीच मनःस्थिती बिघडली. मग त्यांनाच 'हिचं भलं होवो' अशी माया मनात आणायचा सराव दिला तेव्हा त्या सावरल्या, आणि स्कॅनमध्ये मेंदूचे भागही वेगळे जागे झालेले दिसले. मी ड्युटी संपल्यावर बेसिनपाशी हात धुताना एकेका पेशंटला मनातल्या मनात 'बरं वाटू दे तुला' म्हणते आणि नळ बंद करते. येडपटपणा वाटेल पण घरी जाताना डोकं जरा रिकामं असतं.

सरळ_बोलतो:
आजकाल सगळ्यांना स्पेस हवी. अडचणीत माणूस फोन करणार नाही तर काय करणार? ऐकून घ्यायला पैसे पडतात का?

वॉर्ड_नंबर_नऊ:
अहो ती वर्षभर ऐकतेच आहे की.

दळण:
माझ्या आयडीवरून कळलंच असेल मी या विषयातली जुनी खेळाडू आहे :) तुमचं जे चाललंय ना, दोघींनी मिळून तेच तेच दळायचं, त्याला मानसशास्त्रात को-रुमिनेशन म्हणतात. अमांडा रोज यांनी २००२ मध्ये शाळकरी मुलामुलींवर अभ्यास केला होता, त्यात असं दिसलं की जे मित्रमैत्रिणी असं सारखं प्रॉब्लेमवरच बोलतात त्यांची मैत्री घट्ट असते पण उदासी आणि चिंताही जास्त असते. म्हणजे जात्याला दोन हात लागले तरी दाणे तेच. त्यामुळे तू रोज ऐकतेस म्हणून ती बरी होतेय असं धरून चालू नकोस. सुरुवातीलाच विचार, "आज नुसतं ऐकू का काहीतरी सुचवू?" मी हे विचारायला लागले तेव्हा माझी बहीण एकदा म्हणाली "काहीच नको, दुसरं काहीतरी बोल", आणि मला धक्काच बसला, कारण मी वर्षभर समजत होते की तिलाच तो विषय हवा असतो.

पलीकडची:
मी 'ती' मैत्रीण होते. रोज रात्री फोन करणारी. एका मैत्रिणीने काहीएक न सांगता हळूहळू फोन घेणं बंद केलं, आधी बिझी, मग झोपले होते, मग काहीच नाही, आणि मी कित्येक महिने जुने मेसेज वरखाली करत शोधत बसले की मी नेमकं काय बोलले. दुसरीने सरळ सांगितलं, "बुधवारी आणि रविवारी मी तुझी, बाकी दिवशी मला झोपू दे." इतका राग आला, आठवडाभर बोलले नाही तिच्याशी. पण राग उतरला. पहिलीचं कोडं मात्र अजून सुटलेलं नाही.

वॉर्ड_नंबर_नऊ:
एक राहिलं. ती कधी 'जगणंच नको झालंय' असं काही बोलते का? बोलत असेल तर सरळ विचार, जीव द्यायचे विचार येतात का म्हणून. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत, हा गैरसमज आहे. आणि उत्तर हो आलं तर वार बीर ठरवत बसू नकोस, तिला एकटं सोडू नकोस, त्याच दिवशी तिच्या घरच्यांना आणि डॉक्टरांना सांग.

रातकिडा:
सगळ्यांना थँक्यू, काकांना पण. तसं ती काही बोलत नाही, तरी विचारलं, नाही म्हणाली. काल मीच फोन केला, संध्याकाळी सातला, जिन्यात बसून. म्हटलं दहा वाजता मी अर्धी झोपेत असते, नीट ऐकत नाही, आणि त्या दिवशी मी झोपले नव्हते. ती गप्प. मग म्हणाली, "माहीत होतं गं, लास्ट सीन दिसतं." आम्ही दोघी हसलो, थोडंसंच. बुधवार ठरलाय. आज सोमवार, सव्वादहा झालेत, फोन उशीवर आहे, आणि मीच सारखी त्याच्याकडे बघतेय.