मदत हवी आहे : ऑब्जेक्ट-ओरिएंटेड डेटाबेस बांधताना मेमरीतील पॉइंटर आणि बदलणारे क्लास कसे सांभाळावेत?

नमस्कार.

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड डेटाबेस, म्हणजे तक्त्यांतील ओळींऐवजी प्रोग्राममधील ऑब्जेक्टच जसेच्या तसे साठवणारा डेटाबेस, आतून कसा चालतो हे नीट समजावे, म्हणून मी लिनक्सवर सी++मध्ये एक लहान डेटाबेस लिहीत आहे. दोन ठिकाणी निर्णय होत नसल्याने जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. अ‍ॅटकिन्सन, डीविट, मायर आदींनी १९८९ साली मांडलेल्या जाहीरनाम्यात अशा डेटाबेससाठी १३ गुणधर्म अनिवार्य मानले आहेत. त्यांपैकी ऑब्जेक्टची स्वतंत्र ओळख, ऑब्जेक्टमध्ये ऑब्जेक्ट असण्याची सोय, डेटा टिकून राहणे आणि क्रॅशनंतर सावरणे एवढेच मी सध्या हाती घेतले आहे. क्वेरीची भाषा नंतर पाहीन.

नमुना म्हणून यंत्राच्या जोडणीचा डेटा घेतला आहे. एका गिअरबॉक्समध्ये शाफ्ट, शाफ्टवर गिअर आणि बेअरिंग, आणि एकाच प्रकारच्या सगळ्या बेअरिंगांचा निर्देश एकाच तपशील-ऑब्जेक्टकडे, अशी ती रचना आहे. प्रत्येक ऑब्जेक्टला ६४ बिटांचा ओळखक्रमांक दिला असून तो डिस्कवर कोठे आहे याची नोंद वेगळ्या तक्त्यात ठेवली आहे. डिस्कवरचा पत्ताच ओळखक्रमांक म्हणून वापरला असता तर एक फेरी वाचली असती. पण ऑब्जेक्ट वाढला आणि दुसऱ्या पानावर (डिस्कवरच्या ठरीव आकाराच्या तुकड्यावर) हलवावा लागला की त्याच्याकडे येणारे सगळे निर्देश दुरुस्त करत बसावे लागते. त्यामुळे हा निर्णय मला योग्य वाटतो.

पहिला प्रश्न मेमरीतील निर्देशांचा. ऑब्जेक्ट मेमरीत आणल्यावर त्यातील ओळखक्रमांकांच्या जागी थेट पॉइंटर बसवले, म्हणजे स्विझलिंग केले, तर जोडणीतून फिरणे वेगवान होते. पण कॅश (ऑब्जेक्टसाठी राखलेली मेमरीतील जागा) भरल्यावर एखादा ऑब्जेक्ट बाहेर काढायचा म्हटला, की त्याच्याकडे रोखलेले पॉइंटर लोंबकळत राहतात. पायथॉनच्या झेडओडीबी या ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये ऑब्जेक्टची फक्त आतील स्थिती काढून टाकतात आणि रिकामे कवच जागेवर ठेवतात; त्यातील एखादा गुणधर्म वाचायला गेले की स्थिती पुन्हा भरली जाते. सी++मध्ये सदस्य वाचताना असे मध्ये पडता येत नाही, म्हणून मी निर्देशासाठी हँडलचा क्लास लिहिला आहे आणि तो प्रत्येक वापराच्या वेळी ऑब्जेक्ट मेमरीत आहे का हे तपासतो.

अडचण हँडलच्या पलीकडे आहे. गिअरबॉक्सची ‘एकूण वजन’ ही मेथड सुरू झाली की तिच्या आत ‘धिस’ हा त्याच ऑब्जेक्टकडे रोखलेला साधा पॉइंटर असतो. ती शाफ्टची मेथड बोलावते, ती बेअरिंगची, आणि वाटेत कॅश भरून गिअरबॉक्सच बाहेर काढला गेला तर परत येताना मेथडच्या पायाखालची जमीनच गेलेली असते. म्हणून मेथड चालू असेपर्यंत ऑब्जेक्ट पिन करून ठेवणे, म्हणजे तो मेमरीतून काढू न देणे, भाग पडते. खोल रचनेत वरचे सगळे ऑब्जेक्ट पिन होतात, आणि मेथडने एखादा कच्चा पॉइंटर बाहेर दिला तर पिन कधी सोडायची हेही कळत नाही. ऑब्जेक्टस्टोअर या ऑब्जेक्ट डेटाबेसने व्हर्च्युअल मेमरीचा आधार घेतला होता : पान मेमरीत नसेल तर पेज फॉल्ट होतो, तेव्हाच पान आणून त्यातील पॉइंटर दुरुस्त केले जातात, आणि मेथडला काहीच कळत नाही. हे देखणे आहे. पण त्यात सगळा कारभार पानाच्या पातळीवर चालतो, माझी रचना मात्र ऑब्जेक्टच्या पातळीवर उभी आहे. शिकण्याच्या दृष्टीने हँडल आणि पिन यांवरच ठाम राहावे, की आताच पानांकडे वळावे?

दुसरा प्रश्न क्लास बदलण्याचा, आणि तो मला अधिक अवघड वाटतो. क्लासमध्ये नवा गुणधर्म आला की जुने ऑब्जेक्ट कधी बदलायचे? जेमस्टोन या ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये ते लगेच बदलले जात. ओरायन या तशाच दुसऱ्या प्रणालीत ऑब्जेक्ट वाचला जाईल तेव्हा त्याला नवे रूप दिले जाई. मी दुसरा मार्ग धरून प्रत्येक ऑब्जेक्टच्या शीर्षभागात क्लासचा आवृत्तीक्रमांक ठेवला आहे. नव्या गुणधर्माची किंमत ठरीव असेल तोवर हे बिनबोभाट चालते. आता समजा, बेअरिंगला ‘कमाल भार’ हा नवा गुणधर्म द्यायचा आहे आणि त्याची किंमत तपशील-ऑब्जेक्टमधील व्यासावरून काढायची आहे. एक बेअरिंग आज वाचले गेले, मग कोणी तो व्यास बदलला, आणि दुसरे बेअरिंग त्यानंतर वाचले गेले, तर एकाच तपशिलाच्या दोन बेअरिंगांचा कमाल भार वेगवेगळा निघतो. लगेच बदल केला असता तर दोन्हींना एकच उत्तर मिळाले असते. शिवाय त्या गुणधर्मावर इंडेक्स हवा असेल तर न वाचलेले ऑब्जेक्ट त्यात येणारच नाहीत.

यावर मला दोन उपाय दिसतात : बदलाच्या वेळची तपशिलाची जुनी स्थिती जपून ठेवणे, किंवा दुसऱ्या ऑब्जेक्टवर अवलंबून असलेले बदल तेवढे लगेच करणे. माझा कल दुसऱ्याकडे आहे, परंतु एखादी रूपांतर-मेथड दुसऱ्या ऑब्जेक्टला हात लावते की नाही हे डेटाबेसने कसे ओळखावे, हे सुचत नाही.

‘पोस्टग्रेस वापरा’ हा सल्ला रोजच्या कामासाठी मला पूर्ण मान्य आहे. येथे उद्देश मात्र शिकण्याचा आहे. ज्यांनी असे काही स्वतः लिहिले आहे किंवा जुन्या प्रणालींवर काम केले आहे, त्यांनी पिन कधी सोडली आणि रूपांतराचे नियम कोठे नोंदवले हे कृपया सविस्तर लिहावे. या दोन गोष्टींसाठी वाचण्याजोगा खुला कोड माहीत असल्यास तोही सुचवावा.