दातांवर व्हेनियर्स केलेत का कोणी? अनुभव सांगा

रानजाई
काल कपाट आवरताना दहावीचा ग्रुप फोटो सापडला. फोटोग्राफर "हसा, हसा" म्हणत होता आणि आमची अख्खी रांग ओठ घट्ट मिटून उभी. पांढरकवड्याकडचं गाव, बोअरचं फ्लोराइडवालं पाणी. माझ्या पुढच्या दातांवर तपकिरी आडवे पट्टे होते. नागपूरला होस्टेलवर रूममेटने विचारलं, "खर्रा खातेस का गं?" तेव्हापासून हसताना हात तोंडावर जायचा तो जायचाच.

पस्तिशीत वरच्या सहा दातांना सिरॅमिकचे व्हेनियर्स, म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचे पातळ पापुद्रे, बसवले. डॉक्टरांनी आधी मेणाचं मॉडेल बनवलं आणि त्यावरून माझ्या दातांवर तात्पुरता थर चढवून दिला. म्हणाले, घरी जा, जेवा, फोनवर बोला, मग सांगा. "फोडणी" म्हणताना खालचा ओठ दाताच्या कडेला अडकत होता! ते सांगितलं तेव्हा लांबी किंचित कमी केली. हे ट्रायल झाल्याशिवाय दाताला हात लावू देऊ नका, कळकळीने सांगते.

आता भाचीचं लग्न ठरलंय, तीही विचारतेय. तुमचे अनुभव लिहा, तिला दाखवते.

तुषार_के
कॉम्पोझिट (दाताच्या रंगाच्या रेझिनचा थर) केलंय, दोनच दात. एका बैठकीत काम झालं. चिक्की खाताना कोपरा उडाला, पण त्याच दिवशी भरून मिळाला. चहाने पिवळं पडतं, मधूनमधून पॉलिश करावं लागतं. मला पुण्यात सिरॅमिकचे दाताला १२ हजार सांगितले होते म्हणून हे निवडलं. समाधानी आहे.

सुगरणबाई
फोटो टाका ना ताई! आत्ताचा, हसतानाचा.

दंतवैद्या_कोल्हापूर
ओपीडी संपवून लिहितेय. भाचीला आधी डाग कशाचे आहेत ते तपासून घ्यायला सांगा. चहा, तंबाखू, मिश्री यांचे डाग वरवरचे असतात, स्केलिंगने, म्हणजे दवाखान्यात दात साफ केले की, निघतात. फ्लोरोसिस (फ्लोराइडच्या पाण्याचे डाग) सौम्य असेल तर मायक्रोअॅब्रेजन (वरचा अगदी पातळ थर घासणं) आणि ब्लीचिंगने बराच फरक पडतो. लहानपणी टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक दिल्यामुळे आलेला करडा रंग मात्र आतून असतो, तिथे बहुधा व्हेनियर लागतो.

सिरॅमिकसाठी साधारण ०.३ ते ०.७ मिमी इनॅमल (दाताचं वरचं कठीण आवरण) घासतात. हे इनॅमल परत येत नाही, त्यामुळे एकदा घासून केले की त्या दातावर कायम काही ना काही आवरण लागणार. १०-१५ वर्षं टिकतात, पुढे बदलावे लागतात. शिवाय सिरॅमिक ब्लीच होत नाही. बाकीचे दात उजळायचे असतील तर ते आधी, मग त्यांच्याशी शेड जुळवायची. लग्नाच्या आदल्या आठवड्यात कृपया कुणी येऊ नका, आमचेही हात बांधले जातात.

मायमावशी
मिश्रीचं नाव निघालं म्हणून. माझी आजी तव्यावर तंबाखू भाजायची तो वास अजून नाकात आहे. सगळ्या सुना खोकत बाहेर पळायच्या. दात काळे झाले होते, पण आजी हसली की अंगण भरायचं. शेवटी हिरड्या गेल्या, फार हाल झाले गं तिचे. मिश्री सोडा बायांनो.

तुषार_के
@मायमावशी आमच्याकडेही हेच! आईची सोडवायला फार भांडलो. सोडली शेवटी.

लेस्टरकर
इथून, इंग्लंडातून, बरीच तरुण मुलं स्वस्तात करून घ्यायला तुर्कस्तानला जातात. 'टर्की टीथ' म्हणतात. बऱ्याचदा व्हेनियर सांगून चारी बाजूंनी दात कोरून कॅपा बसवलेल्या असतात. ऑफिसातल्या मुलाचं तसंच झालं, आता दोन दातांचं रूट कॅनाल चाललंय. वय २४. चांगले दात होते हो त्याचे. "व्हेनियर की कॅप" हे लिहून घ्या.

निवांत
ठाण्यात चांगला डेंटिस्ट सुचवा. अक्कलदाढ आहे, व्हेनियर नाही.

सुगरणबाई
@निवांत लवंग धरा तोवर. व्यक्तिगत निरोप (व्यनि) करते.

जुनेपुराणे
याची सुरुवात सिनेमातून झाली. कॅलिफोर्नियात चार्ल्स पिंकस नावाचा दंतवैद्य १९२८ च्या सुमारास नटांच्या दातांवर शूटिंगपुरते पापुद्रे चिकटवून द्यायचा. काम संपलं की काढायचे. पक्के बसायला लागले ते दात आणि सिरॅमिक दोन्ही आम्लाने खरखरीत करून चिकटवायचं तंत्र १९८० च्या दशकात जमल्यावर.

अबोली_सातारा
मी झोपेत दात खाते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, रात्री नाइट गार्ड (दातांवर घालायचं कवच) लावणार असशील तरच करतो. लावते. सुरुवातीला गार पाण्याने झिणझिण्या यायच्या, नंतर कमी झाल्या. नवऱ्याला काय बदललं ते अजून कळलेलं नाही 😄

मारेगावचा
रानजाई ताई, कोणतं गाव? आमच्याकडेही तेच पाणी. माझी मुलगी सहा वर्षांची आहे, पुढचे दोन पक्के दात आलेत, त्यावर खडूसारखे पांढरे ठिपके दिसतात. तिला करता येईल का?

दंतवैद्या_कोल्हापूर
@मारेगावचा नाही, इतक्या लहानपणी नाही. जबड्याची वाढ होऊ द्या. तिचे बाकीचे पक्के दात अजून आत तयार होताहेत, साधारण आठ वर्षांपर्यंत. आज पाणी बदललंत तर त्यांना फायदा होईल. पाणी तपासून घ्या, लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असेल तर ते प्यायला नकोच. आणि उकळू नका, उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं.

मारेगावचा
आम्ही उकळूनच देत होतो. आजच आरओचा कॅन लावतो. बाटली भरून कुठे द्यायची तपासायला?

रानजाई
जिल्ह्याला भूजलवाल्यांची प्रयोगशाळा आहे दादा, ग्रामपंचायतीतून पाठवा. गाव व्यनित कळवते. आमच्या गावातल्या दोन बोअरांचा पत्ताही देते, त्यांचं पाणी बाया अजून नेतात.