बझर माशी पाण्यात गरगर फिरते, ड्रॉपर लीडरला गुंडाळतो. काय चुकतंय?

वेण्णाकाठ, सातारा
ऑगस्टअखेर काश्मीरला विषणसर-गंगाबलकडे जाणं आहे. परवाना काढून तळ्यातल्या ब्राऊन ट्राउटसाठी फ्लाय (गळावर बांधलेली नकली माशी) टाकायची आहे, म्हणून बझर, म्हणजे चिलटाच्या कोषासारखी माशी, बांधतोय: 12 नंबरचा वाकडा गळ, काळा दोरा, वर तांब्याची तार, डोक्याशी पांढऱ्या लोकरीचे झुपके, शेवटी यूव्ही रेझिन (यूव्ही दिव्याखाली घट्ट होणारं). कण्हेर धरणाच्या पाण्यात परवानगी घेऊन चिलापीवर सराव चालू आहे. अडचणी अशा: ओढताना माशी फिरते आणि तंगूसाला (नायलॉनच्या दोरीला) पीळ पडतो. रेझिन बोटाला चिकट लागतं. तीन माश्या लावल्या की ड्रॉपर (वरच्या माशीची आखूड दोरी) मुख्य दोरीभोवती, म्हणजे लीडरभोवती, गुंडाळून बसतो. ड्रॉपर साधारण वीतभर आहेत.

कृष्णेकाठचा, सांगली
आधी माशीचं बघू. झुपके किती लांब ठेवलेत? दोन्ही बाजूंना सारखे नसतील तर ते पंख्याच्या पात्यासारखं काम करतात. दीड-दोन मिलिमीटरच ठेवा, कात्री आडवी धरून एकाच फटक्यात कापा. मग माशी तंगूसाला बांधून पाण्याने भरलेल्या काचेच्या ग्लासात सोडा आणि हळू वर खेचा. फिरली तर तिथंच कळेल, धरणावर जायची गरज नाही.

दुसरं, अंग जाड होतंय का बघा. बझर म्हणजे न चावणाऱ्या चिलटाचा कोष. खरा कोष आगपेटीच्या काडीपेक्षाही बारीक असतो. दोऱ्याचा एकच थर द्या, वाकणाच्या थोडं खाली जाऊन परत या. तारेचे पाच-सहाच वेढे, तेही दोऱ्याच्या उलट दिशेने. एकाच दिशेने गुंडाळले तर तार दोऱ्याच्या खाचेत बसून दिसेनाशी होते. तार मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते, 0.15 ते 0.20 मिमीची मागा. मानेजवळ फुगीर भाग करा आणि दोन्ही गालांवर नारिंगी दोऱ्याचा एकेक ठिपका. हा ठिपका मासा हेरतो असं म्हणतात; मला तरी त्यापेक्षा बारीक अंग महत्त्वाचं वाटतं.

रेझिन चिकट राहतं कारण हवेतला ऑक्सिजन वरच्या थराला घट्ट होण्यापासून अडवतो. दोन पातळ थर द्या, प्रत्येक थर दिव्याखाली नीट धरा, शेवटी सर्जिकल स्पिरिटच्या कापसाने पुसा. एकाच जाड थरात बुडबुडे अडकतात. आणि गळाचा डोळा उजेडाकडे धरून आरपार दिसतोय का बघा. रेझिनने बुजलेला डोळा तळ्याकाठी थंडीत सुईने टोकरत बसणं म्हणजे शिक्षा आहे.

गाठ-मारुती, कराड
वीतभर ड्रॉपर? इथंच घोळ आहे, राव. 10 ते 12 सेंटीमीटर पुरे. लांब ठेवला की तो मऊ पडतो आणि लीडरला मिठी मारतो. तंगूसाऐवजी फ्लोरोकार्बन घ्या, 0.20 मिमी, तो जास्त ताठ असतो आणि बुडतो (नायलॉन पाण्यापेक्षा जेमतेमच जड, फ्लोरोकार्बन जवळपास पावणेदोनपट).

ड्रॉपर पाडायला दोन तुकडे एकमेकांवर ठेवून एकत्र तीन वेढ्यांची गाठ मारा. दोन शेपट्या उरतील. रॉडकडे तोंड असलेली कापा, खालच्या माशीकडे झुकलेली ठेवा. ती वरच्या तुकड्याचंच टोक असते, त्यामुळे मोठा मासा लागला तरी ताण गाठीच्या पोटावर येत नाही. आवळण्याआधी थुंकी लावा. कोरडी गाठ ओढली की घर्षणाने फ्लोरोकार्बन तापतो, गाठीजवळ पांढरट सुरकुती दिसते, आणि पहिल्या झटक्याला तिथंच तुटतं.

रचना: फ्लाय लाइनपासून (फेकायच्या जाड दोरीपासून) पहिल्या ड्रॉपरपर्यंत दोन मीटर, मग सव्वा मीटर, मग सव्वा मीटर. सर्वांत जड माशी टोकाला, म्हणजे सगळं ताठ लोंबतं. हवेत टाकताना घाई केली की सगळे ड्रॉपर एकत्र विणले जातात. मागे गेलेली लाइन पूर्ण सरळ होऊ द्या. वारा असेल तर सरळ दोनच माश्या लावा.

वेण्णाकाठ, सातारा
धन्यवाद दादा. इंडिकेटर (पाण्यावर तरंगणारी खूण) लावावा का? आणि ओढण्याचा वेग किती?

कृष्णेकाठचा, सांगली
ओढू नकाच. कोष स्वतःहून सावकाश वर येतो. वारा बाजूने असेल तर लाइनला वाऱ्याबरोबर वाहू द्या, फक्त सैल पडलेला भाग बोटांनी गोळा करा. लाइनचं टोक थबकलं किंवा बाजूला सरकलं की रॉड उचला. इंडिकेटर मला नको वाटतो, त्यामुळे खोली एकच राहते.

गाठ-मारुती, कराड
इथं मी वेगळं म्हणेन. नवख्याला आणि खोल पाण्याला इंडिकेटरच बरा. खोली मोजायची असेल तर टोकाच्या गळाला फोर्सेप्स अडकवून काठावरून किंवा होडीतून सोडा, तळाला टेकला की दोरीवर खूण करा आणि इंडिकेटर त्याच्या फूटभर खाली ठेवा. म्हणजे माशी तळाच्या फूटभर वर राहील. तासाभरात काहीच लागलं नाही तर माशी दोन-दोन फुटांनी वर घ्या.

आणि गळाचे उलटे काटे पक्कडीने दाबून टाका, सोडायचा मासा लवकर सुटतो. सरावासाठी कासच्या तळ्यावर मात्र जाऊ नका, ते सातारकरांचं पिण्याचं पाणी आहे.