एम-३ आणि ऊसबिले
रिझर्व्ह बँकेने जास्त नोटा छापल्या म्हणूनच एम-३, म्हणजे देशातील एकूण पैशाचे व्यापक माप, वाढतो, असे मत मांडले जाते; ते मला अपुरे वाटते. लोकांच्या हातातील रोख रकमेखेरीज बँकांतील मागणी ठेवी (मागताच काढता येणाऱ्या) व मुदत ठेवीही एम-३मध्ये धरल्या जातात, आणि मोठा वाटा ठेवींचाच असतो. म्हणून नोव्हेंबर २०१६ मध्ये चलनातील सुमारे ८६ टक्के मूल्याच्या नोटा रद्द होऊनही एम-३ त्या प्रमाणात घसरला नाही.

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात गळीत हंगामात हे स्पष्ट दिसते. कारखाना साखर तारण ठेवून बँकेकडून कर्ज घेतो आणि ऊसबिले शेतकऱ्यांच्या खात्यांवर जमा करतो, तेव्हा एकही नवी नोट न छापता नव्या ठेवी निर्माण होतात. पुढे साखर विकून आलेल्या रकमेतून कर्ज फेडले, की तेवढ्या ठेवी बँकव्यवस्थेतून नाहीशा होतात.